बॅटरीचं पाणी

माझ्या ऑफिसातल्या टेबलाच्या काचेवर रुपयाएवढं पांढरं कडं आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला ते चहाच्या कपाचं वाटतं आणि बोलता बोलता तो बोटानं पुसायला जातो. ते निघत नाही. निघालं असतं तर मी कधीच काढलं असतं. काचा पुसायचा धंदा करणाऱ्या बाईच्या टेबलावर डाग बरा दिसत नाही.

तो डाग मामांनी पाडला. माझे मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो तोंडाला लावला नाही. तिरका करून चार थेंब टेबलावर सांडले आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"अहो, हे काय करताय?"

"वाळू द्या."

उन्हाळ्याचे दिवस, वर पंखा. थेंब वाळेपर्यंत मी दोन फोन उरकले. मग मामांनी गाल टेबलाला लागेपर्यंत मान वाकवली, एक डोळा मिटला आणि खिडकीच्या उजेडात त्या जागेकडं पाहिलं.

"बगा. ह्येच तुमी लोकांच्या काचंला फासता. वर पैसं घेता."

मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवणार होते. पण त्याच आठवड्यात एका गाड्यांच्या शोरूमवाल्यानं मला हेच, जरा वाईट शब्दांत, ऐकवलं होतं. म्हणून बसू दिलं. पुढं ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा त्याच जागी थेंब टाकत गेले, दर वेळी "अजून बोअरचंच पितासा व्हय?" असं म्हणत. शेवटी काचेनं तो थेंब धरून ठेवला.

बीडमध्ये तेव्हा काच नुकतीच बोकाळली होती. दवाखाने, पतसंस्था, कपड्यांची दुकानं, जो तो इमारतीच्या तोंडाला निळी काच लावत होता. आत बसलेला माणूस दुपारी उकडून निघतो, विजेचं बिल भरता भरता मालक वाकतो, पण काच पाहिजे. माझी तक्रार नाही, माझं घर त्यावर चालतं. आधी मी फरशी-संडासाच्या सफाईची कामं घ्यायचे, मग काच घेतली. काम सोपं वाटतं. शिडी, रबराचा वायपर, फडकं आणि पाणी. यातलं पाणी सोडून सगळं बाजारात मिळतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला दगड. काचेवर मारलं आणि पुसायच्या आत वाळलं की पांढरे ठिपके. तेच पुन्हा पुन्हा मारत राहिलं की ठिपके काचेत मुरतात. ॲसिडनं काढायला जावं तर भोवतालची ॲल्युमिनियमची चौकट काळी पडते.

मामांचं चौसाळ्याला हायवेच्या कडेला बॅटरीचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, त्यात पाणी भरायचं. बॅटरीला साधं पाणी चालत नाही, क्षार नसलेलं लागतं. ते बाटल्यांतून विकत आणण्याऐवजी मामा दुकानामागच्या मोठ्या शेडच्या पत्र्यावरून पावसाचं पाणी धरायचे, गाळायचे आणि तेच वापरायचे. ड्रायव्हर लोक त्यालाच बॅटरीचं पाणी म्हणायचे. पुढं पाणी न लागणाऱ्या, बंद बॅटऱ्या आल्या आणि गिऱ्हाईक तुटलं. पत्रा राहिला. मामा पाणी धरत राहिले.

"कशाला धरत होता मग?" मी विचारलं होतं.

"पत्र्यावरनं वाया गेलं की पोटात कालवतंय."

त्यांच्याकडं भरलेल्या टाक्या होत्या आणि गिऱ्हाईक नव्हतं. माझ्याकडं गिऱ्हाईक होतं आणि पाणी नव्हतं. असं आमचं जुळलं. आम्ही टेम्पोत कॅन भरून चौसाळ्याहून बीडला पाणी आणू लागलो, आणि पाण्याबरोबर मामाही येऊ लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मामांच्या अंगावर बिनभोकाचं कापड मी कधी पाहिलं नाही. वर्षानुवर्षं बॅटरीतलं ॲसिड उडून सदऱ्याची, पँटची चाळण झालेली. नवीन सदरा घेतला तरी महिन्याभरात त्याला भोकं पडत. बॅटऱ्यांचं काम सुटल्यावरही पडत, ती कशी हे मला कधी कळलं नाही. अशा अवतारात ते शोरूमच्या दारात उभे राहिले की वॉचमन त्यांना बाजूला घ्यायचा. मामा रागवायचे नाहीत. खिशातून आरशाचा तुकडा काढायचे, त्यावर वॉचमनच्याच बाटलीतलं पाणी सांडायचे आणि म्हणायचे, "वाळू द्या." तोवर आमच्या कामावरच्या बायका शिड्या घेऊन आत गेलेल्या असायच्या.

हा आरसा सगळीकडं जायचा. लग्नात पंगतीला बसले की आधी थेंब, मग भात. एकदा माझ्या चुलतभावाच्या घरी पूजा होती. कुणीतरी काशीहून आणलेल्या गंगाजलाचा तांब्या मोठ्या भक्तीनं फिरवत होतं. मामांनी पळीभर हातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि उरलेलं आरशावर टाकलं. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मामा आरसा खिडकीकडं धरून म्हणाले, "पुण्य असंल. पन काचंला चालायचं न्हाई."

त्यांचं पाणी गाळायचं काम मी नीट पाहिलेलं आहे, कारण त्यावर माझा धंदा होता. पावसाळा लागला की पहिले काही पाऊस ते धरतच नसत. पन्हळीचं तोंड वळवून ते पाणी नालीत सोडायचे. "पत्र्याची आंघोळ झाली पायजे आदी." मग पन्हळ एका पिंपावर आणायची. पिंपात खाली गोटे, वर खडी, वर वाळू, वर बाभळीच्या कोळशाचा चुरा, आणि तोंडाला धोतराचं चौपदरी फडकं. कोळसा ते स्वतः धुवायचे. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत म्हणजे दोन दिवस. कुणी मदतीला गेलं तर हाकलायचे. पिंपातून पाणी झाकणाच्या काळ्या टाक्यांत उतरायचं, आणि दर टाकीचा थेंब आरशावर वाळल्याशिवाय तोटीला हात लावू द्यायचे नाहीत.

घराणं मेंढपाळाचं. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. "मेंढरू खारट पान्याला नाक लावून माघारी फिरतंय," ते म्हणायचे, "मान्सालाच अक्कल न्हाई." त्या दिवसांची गोफण त्यांनी जपून ठेवली होती. पत्र्यावर कबूतर बसलेलं त्यांना सहन होत नसे, कारण कबूतर बसलं की घाण, घाण झाली की पाणी गेलं. मग अंगणात उभं राहून गोफण फिरवायची. कबूतर एकही मेलं नाही. पत्र्याला मात्र तीन ठिकाणी डांबर लावावं लागलं.

टाक्यांना ते नक्षत्रांची नावं द्यायचे. खडूनं लिहिलेलं असायचं, मघा, उत्तरा, हस्त, चित्रा. ज्या पावसाची टाकी त्याचं नाव. त्यांचं ठाम मत होतं की शोरूमला उत्तराचं पाणी मारावं आणि उंच इमारतीला हस्ताचं. कारण विचारलं की "हत्तीचा पाऊस उंचावरनं येतो" असलं काहीतरी सांगायचे. मी एकदा त्यांच्यासमोरच दोन टाक्यांतून दोन ग्लास भरून आणले आणि म्हटलं, ओळखा. त्यांनी दोन थेंब वाळवले, बराच वेळ पाहिले आणि चुकीचं सांगितलं. मी खरं सांगितल्यावर म्हणाले, "ग्लास धुतले न्हाईत तुमी." आमच्या कविताला, म्हणजे माझ्याकडं शिडीवर सगळ्यात वर चढणाऱ्या बाईला, एवढं हसू आलं की ती बाहेर जाऊन बसली.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची. स्वतः मामा ते पाणी पीत नसत. सगळ्या गल्लीसारखे तेही टँकरचं खारट पाणी प्यायचे. "चव न्हाई त्याला. आन् काचंचं पानी मी कावून पिऊ? न्हावी सोताच्या वस्तऱ्यानं कांदा कापतो का?"

त्यांच्या शेडला लागून पलीकडं एक विधवा बाई राहायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. दोन म्हशी, डेअरीला दूध घालून चालवलेलं घर. म्हशींसाठी ज्वारीच्या कडब्याची गंजी तिनं मधल्या भिंतीला टेकून रचलेली असायची, आणि त्या गंजीवरून मामांचं आणि तिचं कायमचं भांडण. वारा सुटला की भुसकाट उडून पत्र्यावर यायचं.

"गंजी हलव, आक्का."

"तुमचा पत्रा हलवा."

"माझं पानी नासतंय."

"माज्या म्हशी काय काच खात्याती व्हय? त्यास्नी कडबाच लागतो."

मी टेम्पो घेऊन जायचे तेव्हा हे चालूच असायचं. मी मध्ये पडत नसे. कॅन भरून निघायचे.

मग ते वर्ष आलं. पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला. शेवटी हस्ताचे थोडे आणि चित्राचे थोडे पाऊस पडले, तेवढ्यावर मामांच्या टाक्या कशाबशा भरल्या. याच वर्षी बीडला एक मोठा खाजगी दवाखाना उभा राहत होता, चार मजले, रस्त्याच्या अंगाला खालपासून वरपर्यंत काच. त्यांची व्यवस्था डॉक्टरांचे मेहुणे पाहायचे. ते म्हणाले, उद्घाटनाआधी एकदा धुऊन दाखवा, काच आवडली तर वर्षाचं काम तुमचं. वर्षाचं काम म्हणजे माझ्याकडच्या बायकांना दर महिन्याला पगार. तोवर आज काम आहे, उद्या नाही, असंच चाललं होतं. उद्घाटन वैशाखात होतं. म्हणजे टाक्या वैशाखापर्यंत टिकल्या पाहिजेत. मी किरकोळ कामं बंद केली आणि मामांना सांगितलं, आता थेंब हलवायचा नाही.

चौसाळ्याला त्या गल्लीत टँकर यायचा बंद होत चालला होता. आज येतो, उद्या येतो करत आठवडा जायचा. आणि शेडमध्ये टाक्या भरलेल्या. तोटीखालची जमीन सकाळी ओली दिसायला लागली. कुणीतरी हंडा, कळशी नेत होतं. मामांनी कुलूप लावलं, ते तुटलं. मग एके दिवशी मी गेले तर प्रत्येक टाकीवर लाल ऑइलपेंटनं कवटी काढलेली आणि खाली लिहिलेलं: बॅटरीचे ॲसिड. विषारी. हात लावू नये.

कवटी हसल्यासारखी दिसत होती. पण अक्षर स्वच्छ होतं.

"लोक मानतील?" मी विचारलं.

"मानलंय."

त्यांनी काय केलं होतं ते कवितानं मला नंतर गल्लीतून ऐकून सांगितलं. दुकानात जुन्या बॅटऱ्यांतलं खरं ॲसिड थोडं पडून होतं. ते त्यांनी बाटलीत घेतलं, दुपारी सगळ्यांसमोर एका टाकीच्या तोटीखाली धरल्यासारखं केलं, आणि मग अंगणातल्या शहाबादी फरशीवर ओतलं. फरशी फेसाळून वर आली, धूर निघाला, बायकांनी पदर नाकाला लावले. मामा म्हणाले, "दुकान परत चालू करतोय. माल भरून ठिवलाय." सदऱ्याच्या भोकांकडं पाहून कुणालाही ते पटलं असतं. त्या दिवसापासून गल्लीतलं माणूस शेडच्या बाजूनं जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागलं. आक्कानं तर म्हशींचा जाण्यायेण्याचा रस्ता बदलला.

मला ती युक्ती पटली होती. आजही मी असं म्हणणार नाही की नव्हती पटली. पाणी आमचं होतं, धरलेलं होतं, गाळलेलं होतं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मामा, कविता आणि मी दवाखान्यात होतो. पाचसहा कॅन नेऊन तळमजल्याची काच धुऊन दाखवली होती. मेहुण्यांनी तिच्यात स्वतःचे केस सारखे केले आणि खूश झाले. म्हणाले, उद्या सकाळपासून वरचे मजले घ्या. मामा नेहमीप्रमाणे काचेला गाल लावून एका डोळ्यानं बघत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गल्लीतल्या एका माणसाचा होता. तुमच्या शेडजवळ आग लागली आहे, लवकर या.

आम्ही टेम्पो काढला. वाटेत मामा एकच वाक्य बोलले. "पत्रा तापला तर टाक्या वितळत्याल." मीही त्याच टाक्यांचा विचार करत होते.

पोहोचलो तेव्हा आग सरली होती. वरून गेलेल्या विजेच्या तारेची ठिणगी आक्काच्या गंजीवर पडली होती. गंजीच्या जागी काळा, धुमसणारा ढीग होता. भिंत काळी झाली होती. म्हशी कुणीतरी वेळेवर सोडल्या होत्या, त्या लांब हायवेजवळ उभ्या होत्या. माणसं राखेनं माखलेली. आणि मामांच्या टाक्या जशाच्या तशा होत्या. त्यांच्यावर ओल्या गोधड्या आणि गोणपाटं पसरलेली, वरून पाणी निथळत होतं, आणि भोवती चिखल. त्या गल्लीत मी कित्येक महिन्यांत चिखल पाहिला नव्हता.

आक्का तिथंच भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात रिकामे हंडे, कळश्या, बादल्या, सगळ्या गल्लीच्या. मामांना बघून ती उठायला गेली, पण उठवेना.

"बॅटरीवाले, तुमच्या टाक्या वाचल्या बगा," ती म्हणाली. "गंजी तर हाती लागत नव्हती. म्हटलं, निदान हे ॲसिड भडकायला नको. फुटलं असतं तर सगळी गल्ली गेली असती. घरातलं व्हतं न्हवतं तेवढं पानी वतलं ह्याच्यावर. समद्यांनी वतलं."

मी पहिल्यांदा पाहिलं की मामांचे हात रिकामे आहेत आणि त्यांना ते कुठं ठेवावेत हे कळत नाही.

मग ते हस्ताच्या टाकीजवळ गेले. तिच्यावरची गोधडी काढली, घडी घालून बाजूला ठेवली. तोटी सोडली. एक बाई ओरडली, "आवो, मामा!" त्यांनी ओंजळ धरली आणि प्यायले. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायले. पाणी त्यांच्या सदऱ्याच्या भोकांतून आत जात होतं.

पहिल्यांदा काही क्षण कुणाला काही कळलंच नाही. आक्काला आधी कळलं.

"पानी हाय व्हय ते?"

"पानी हाय."

"समद्या टाक्यांत?"

"समद्या."

"मंग आमी काय वतलं ह्याच्यावर?"

मामा खाली बघत म्हणाले, "पानी."

"पान्यावर पानी," आक्का म्हणाली. स्वतःशीच, हिशेब जुळतो का बघावा तसं. "आन् माजी गंजी हितं, चार हातावर."

एक तरुण पुढं आला. त्याचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते. "बे म्हाताऱ्या," त्यानं सुरुवात केली आणि मामांची कॉलर धरली. सदरा आधीच जीर्ण, तो फाटून त्याच्या हातात आला. आता हा मारणार असं मला वाटलं. मी मध्ये जायला निघाले होते, पण आक्का बसल्या जागेवरून ओरडली.

"सोड त्याला. आधी हंडे भरा. शिव्या मागनं देता येत्याल, टँकर येत न्हाई."

ती बाई माझ्या धंद्यात असती तर मी तिला मुकादम केलं असतं.

हंडे लागले. चारही तोट्या सोडल्या. मामा स्वतः भरून देत होते, आणि प्रत्येक जण घेताना त्यांना काही ना काही ऐकवत होता. ते ऐकत होते. मी बाजूला उभी राहून बघत होते. माझ्या डोक्यात उद्याची सकाळ होती. चार मजले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामा, एक टाकी ठेवा. एकच. बाकीच्या रिकाम्या होऊ द्या."

आक्कानं ऐकलं. "काच पानी पेती व्हय, ताई?"

"काच पीत नाही," मी म्हटलं. "पण काचेवर चार बायकांच्या चुली पेटतात. त्यांचीही लेकरं आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या कविताकडं पाहिलं. "खरं हाय," ती म्हणाली. "ठिवा मामा, येक टाकी ह्यांची ठिवा."

ज्या बाईची वर्षाची वैरण जळून गेली होती ती हो म्हणाली. मामा नाही म्हणाले.

"येक ठिवली की तिला कुलूप आलं," ते म्हणाले. "कुलूप तुटतंय. मंग परत कवटी काढायची का? माज्यानं व्हायचं न्हाई, ताई."

मी त्यांना तिथंच, सगळ्यांसमोर, खूप बोलले. माझ्या बायकांचा पगार तुम्ही परस्पर कसा वाटून टाकता, असं बोलले. ते कोपऱ्यातला एक हंडा विसळत राहिले. परत येताना टेम्पोत रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. कविता म्हणाली, "ताई, आता बोअरचंच मारू. वाळायच्या आत पुसू." तिलाही माहीत होतं की वैशाखातल्या उन्हात पुसणाऱ्याचा हात पाण्यापेक्षा वेगानं चालत नाही.

चालला नाही. उद्घाटनाच्या दिवशी काच बरी दिसली, कारण हारफुलं होती आणि लोकांची नजर फितीवर होती. पंधरवड्यात मेहुण्यांनी मला बोलावलं आणि रस्त्याच्या पलीकडं उभं करून इमारत दाखवली.

"ताई, तळमजला बघा आणि वर बघा. वरच्या काचेला देवी आल्यासारखं दिसतंय."

काम गेलं. दोन बायका मी कमी केल्या. कविता राहिली. एवढं सांगून मी पुढं जाते, कारण त्या उन्हाळ्याबद्दल मला यापेक्षा जास्त सांगायचं नाही.

मामा नंतर बरेच दिवस आले नाहीत. मीही फोन केला नाही. त्यांच्याबद्दल कळत राहिलं ते टेम्पोवाल्याकडून. तो एकदा म्हणाला, "तुमचा बॅटरीवाला म्हशी वळतोय." मला खोटं वाटलं. पण एकदा सोलापूरच्या बाजूनं येताना मी स्वतः पाहिलं. हायवेच्या खाली, ओढ्याच्या कडेला, जिथं थोडी हिरवी पट्टी उरली होती, तिथं आक्काच्या दोन म्हशी चरत होत्या आणि मामा डोक्यावर टॉवेल टाकून काठी टेकून उभे होते. कमरेला गोफण. मी बस थांबवू शकत नव्हते, आणि शकले असते तरी थांबवली असती की नाही, माहीत नाही.

पावसाळा लागल्यावर ते ऑफिसात आले. खुर्चीवर बसले, ग्लास तिरका केला, त्याच जागी थेंब टाकला.

"वाळू द्या."

मी वाळू दिला. मग त्यांनी सांगितलं की ते पाणी धरतायत, गाळतायत, पण टाक्यांना तोट्या गल्लीच्या बाजूला काढल्या आहेत. लोक नेतात. उरलं तर तुम्हाला. "उरायचं न्हाई," तेच पुढं म्हणाले. "आदीच सांगतो." कवट्या त्यांनी खरवडून काढल्या होत्या. पण ऑइलपेंट होता, खरवडला तरी अक्षरांचे खड्डे राहिले होते, आणि ऊन तिरपं आलं की विषारी हा शब्द पुन्हा वाचता येत होता. लेकरं त्याच्याच खाली तोंड लावून पाणी पितात, असं ते म्हणाले. हे सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

"तुम्ही पिता का आता ते?" मी विचारलं.

"पितो."

"चव?"

"न्हाईच हो चव. सवय लागली."

पुढं त्यांचं येणं कमी कमी होत गेलं. गुडघे गेले. हायवे रुंद करताना शेडचा अर्धा पत्रा गेला. दोन पावसाळ्यांपूर्वी मामाही गेले. मला दोन दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा आक्कानं मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. मी तहानलेली होते, पिऊन टाकलं. ती म्हणाली, "उत्तराचं हाय." तिला कुणी शिकवलं होतं ते विचारायची गरज नव्हती. उरलेल्या भिंतीला टेकून तिची नवी गंजी रचलेली होती. जागा तीच.

आता माझ्याकडं यंत्र आहे. बोअरचं पाणी एका बाजूनं आत जातं, दुसऱ्या बाजूनं काचेसाठी बिनक्षाराचं बाहेर येतं. थेंब वाळवून बघावा लागत नाही, आकडा दिसतो. कामं पुन्हा मिळाली, बायका पुन्हा वाढल्या. पण या यंत्राची एक खोड आहे. जेवढं चांगलं पाणी देतं जवळजवळ तेवढंच खारट पाणी ते एका नळीतून बाहेर टाकतं. ते पहिले काही महिने सरळ गटारात जात होतं. मला ते बघवेना. हा धंद्याचा भाग आहे, यात दुसरं काही नाही. पाणी फुकट गेलेलं मला आवडत नाही. मी कंपाउंडच्या बाहेरच्या अंगाला एक टाकी बसवली, नळी तिच्यात सोडली, खाली तोटी दिली. भांड्याला, धुण्याला, सड्याला कुणीही न्यावं.

कुणी नेईना. टाकी भरून वाहायला लागली. मी कविताला विचारायला पाठवलं. ती येऊन म्हणाली, "ताई, आपल्या दारात फिनेलचे, ॲसिडचे कॅन पडलेले असतात ना. लोक म्हणतात, ह्यांच्या टाकीत काय असंल सांगता येत न्हाई. हात कोन लावंल?"

मी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. तो डबा-ब्रश घेऊन टाकीपुढं बसला.

"काय लिहू, ताई? कंपनीचं नाव?"

"पाणी, असं लिही."

"कशाचं पानी?"

"नुसतं पाणी."

त्यानं ब्रश खाली घेतला. "नुसतं पानी कावून लिहायचं? टाकीत पानीच असतंय की. कुनालाबी कळतंय."

"नाही कळत," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात लिही."